भ्रमरांबाचा तिसरा मजला

आमच्या अरुणा अपार्टमेंटमधला तिसऱ्या मजल्यावरचा, रस्त्याकडचा फ्लॅट बरीच वर्षं विकला जात नव्हता. तिथे राहणारे वीणेचे मास्तर गेले आणि विशाखापट्टणमला असलेल्या त्यांच्या मुलानं तो तिथूनच विकायला काढला. किंमत अगदी बेताची होती, म्हणून लोक येत. पण तीन जिने चढताना त्यांना दम लागे. मग नळाला एक दिवसाआड पाणी येतं हे कळे, स्वयंपाकघराच्या छतावरचा ओलीचा डाग दिसे, आणि शेवटी कुणीतरी गॅलरीचं दार उघडी. चिक्कडपल्लीचा सगळा रस्ताच मग घरात शिरे. रिक्षांचे भोंगे, देवळाचा लाउडस्पीकर, राजमल्लूच्या इडलीच्या हातगाडीवरची आरडाओरड. गिऱ्हाईक कानावर हात ठेवूनच जिना उतरे.

म्हणून यादगिरी दलाल शहाणा झाला होता. गिऱ्हाईक आणण्याआधी तो वर जाऊन गॅलरीच्या दाराला कडी लावून यायचा.

मी दुसऱ्या मजल्यावर राहते. आमचं घराणं निजामाच्या वेळेपासून हैदराबादेत. नाव विमल, पण इथे मला सगळे विमलम्मा म्हणतात आणि आता कुणी नुसतं विमल म्हटलं तर मी वळूनही बघणार नाही. सोसायटीच्या किल्ल्या माझ्याकडे असतात, त्यामुळे ती बाई घर बघायला आली तेव्हा मी तिथेच होते.

साठीला टेकलेली, ठेंगणी, कडक कांजीची सुती साडी, केसात चमेलीचा गजरा. तिनं ओलीचा डाग पाहिला, पुढे सरकली. पाण्याचं ऐकलं, मान हलवली. मग गॅलरीच्या दाराशी जाऊन म्हणाली, "हे का लावून घेतलंय?"

"धूळ येते, अम्मा," यादगिरी म्हणाला. "आणि थोडा आवाज. थोडाच."

"मग उघड की. मी आवाजासाठीच आलेय."

यादगिरीला वाटलं ती टोमणा मारतेय. त्यानं खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं. तिनं स्वतःच कडी काढली आणि कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. खाली राजमल्लू कुणाला तरी शिव्या देत होता. ती हसली. पाणी प्यायल्यावर माणसाचा चेहरा होतो तसा तिचा चेहरा झाला होता.

"घेते मी," ती म्हणाली.

"भाव करा ना, अम्मा," यादगिरीच्या तोंडून निघून गेलं. मग त्यानं जीभ चावली.

तिचं नाव भ्रमरांबा. पुढे आमची मैत्री झाली आणि तिची हकिगत मला तुकड्यातुकड्यांनी कळली.

इथून दहा मिनिटांवर, थिएटरांच्या चौकात, एका जुन्या टॉकीजमध्ये तिचे वडील गेटवर होते. ते आजारी पडले तेव्हा मालकानं पोरीला बायकांच्या तिकीट खिडकीवर बसवलं. तेव्हापासून टॉकीज बंद पडेपर्यंत ती त्याच खिडकीत बसली. भिंतीला अर्धगोल भोक, त्यातून पैसे आत येणार, तिकीट बाहेर जाणार. मोठ्या नटाचं चित्र लागलं की बाहेर ढोल वाजत, कटआउटवर दुधाच्या पिशव्या फुटत, आणि आतमध्ये ही घामानं निथळत गुलाबी तिकिटं फाडत असे. "विमलम्मा, मी एकही चित्र पुरतं पाहिलं नाही," ती म्हणायची, "पण कुठल्या गाण्याला किती शिट्ट्या हे विचार."

लग्न झालं ते वीरभद्रम यांच्याशी. जनगावकडच्या खेड्यातले, बियाण्यांच्या सरकारी कचेरीत कारकून. पहिली वर्षं दोघं याच गल्लीत एका घराच्या मागच्या खोल्यांत भाड्यानं राहिली. मूलबाळ झालं नाही. वीरभद्रमचा जीव मात्र शहरात गुदमरत होता. कुंडीत वांगं लावायचे, त्याला मुंग्या लागल्या की दिवसभर जेवायचे नाहीत. एके दिवशी त्यांनी शहराबाहेर, घटकेसरच्याही पलीकडे एक प्लॉट घेतला.

"मला न विचारता नाही हं," भ्रमरांबा सांगायची. "विचारलं. इतक्या आवडीनं विचारलं, की नाही म्हणवेना. त्यांनी मूठभर माती रुमालात बांधून आणलेली. मला म्हणे, वास घे. मी घेतला. मला मातीचा वास आला, दुसरं काय येणार? पण म्हटलं, छान आहे."

तिथे त्यांनी घर बांधलं. दारात आंबा, मागे शेवगा, कढीपत्ता, लिंबू. ती पहाटे डबा घेऊन बस पकडे, संध्याकाळच्या फर्स्ट शोची तिकिटं संपवून परत निघे, आणि घरी पोचेपर्यंत वीरभद्रमनी भात लावलेला असे. जेवण झालं की ते झोपत. ती पायरीवर बसे. बेडूक ओरडत. लांबच्या हायवेवरून एखादा ट्रक गेला तर ती कान टवकारून त्याचा आवाज विरेपर्यंत ऐकत राही. आता सेकंड शो सुटला असेल, आता राजमल्लूचा बाप तवा घासत असेल, आता गजरेवाली उरलेली फुलं ओल्या फडक्यात बांधत असेल. एवढं सगळं मनात उजळून झालं की मग कुठे डोळा लागे. वीस-बावीस वर्षं अशी गेली. नवऱ्याशी भांडण नव्हतं, घरात कशाची ददात नव्हती. सांगायचं तरी कुणाला आणि काय?

मग टॉकीज पाडून तिथे मॉल बांधायचं ठरलं. कामगारांना हिशेब मिळाला. वीरभद्रम रिटायर झाले होते, त्यांनी मनाशी धरलं होतं की या पैशांतून नवी बोअर मारायची आणि शेजारचा तुकडाही घ्यायचा. रात्री जेवताना त्यांनी तो विषय काढला, तेव्हा भ्रमरांबा म्हणाली, "मी चिक्कडपल्लीत फ्लॅट घेणार आहे."

"भाड्यानं द्यायला?"

"राहायला."

"कोण राहणार?"

"मी. तुम्ही आलात तर तुम्हीही."

वीरभद्रमनी हातातला घास ताटात ठेवला. "डोकं फिरलंय का तुझं? कबुतराच्या खुराड्यासाठी हे घर सोडायचं? लोक म्हातारपणी शहरातून बाहेर येतात, तू उलटी निघालीस!"

"मी आलेच होते की बाहेर. तुमच्या आंब्याला पाणी घातलं, शेवग्याच्या अळ्या काढल्या. कधी कुरकुर केली का?"

"नाही केलीस."

"केली नाही म्हणजे नव्हती असं नाही."

ते उठून बाहेर गेले आणि अंधारात बराच वेळ झाडांना पाणी घालत बसले. भ्रमरांबा म्हणायची, ते ओरडले असते तर मी कदाचित मागे फिरले असते.

इतक्या जुन्या इमारतीला बँक कर्ज देत नाही. टॉकीजचे पैसे होते, वर आईकडून आलेली पुतळ्यांची माळ तिनं मोडली. खरेदीखताच्या दिवशी दोन साक्षीदार हवे होते. एक मी, आणि दुसरा यादगिरी आणणार होता. आम्ही रजिस्ट्रार कचेरीच्या व्हरांड्यात बसलो होतो, तेवढ्यात समोरून एक उंच, वाळका माणूस आला. पांढरी लुंगी, खांद्यावर पंचा, हातात शेवग्याच्या शेंगांची जुडी.

"साक्षीदार लागतो म्हणे," ते यादगिरीला म्हणाले.

"आपण कोण, सार?"

"हिचा नवरा. नवरा चालत नाही का?"

भ्रमरांबा उभी राहिली आणि तशीच पदराचं टोक चाचपत राहिली. वीरभद्रमनी सही केली, अंगठा उठवला, शेंगांची जुडी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "झालं ना? चल मग, बस पकडायचीय."

"मी आज इथेच राहते," ती म्हणाली.

"तिथे खाट नाही."

"चटई आहे."

त्यांनी मान हलवली आणि ते निघाले. त्या संध्याकाळी मी वर चहा घेऊन गेले तर ही गॅलरीत बसलेली. रस्ता ऐन भरात होता. "विमलम्मा," ती म्हणाली, "मला वाटलं होतं मी आज रडेन. पण मला भूक लागलीय." आम्ही वरून टोपली सोडून राजमल्लूकडून इडल्या मागवल्या आणि दोघींनी पोट फुटेपर्यंत खाल्ल्या.

पहिले काही महिने ती सासरहून माहेरी आलेल्या पोरीसारखी वागली. सकाळी भाजीला म्हणून निघे ती दुपारी परते. गंमत अशी की गल्लीतल्या पुष्कळ बायकांनी तिचा चेहरा कधी पाहिलाच नव्हता, तिकीट खिडकीतून दिसे तो फक्त हात. गजरेवाली लक्ष्मीकांतम्मानं पैसे घेताना तिच्या मनगटावरचा भाजल्याचा चट्टा पाहिला आणि किंचाळलीच, "अगं बाई, हा तर टॉकीजचा हात! माझ्या लग्नाआधी याच हातानं मला तिकीट नाकारलं होतं!"

"हाऊसफुल्ल असेल."

"हाऊसफुल्ल कसलं! सुटे नव्हते माझ्याकडे. ते चित्र राहिलं ते राहिलंच."

"आता चल, मी सांगते तुला गोष्ट," भ्रमरांबा म्हणाली, आणि दोघी फुटपाथवर बसल्या.

वीरभद्रम दर गुरुवारी येत. पिशवीत कढीपत्ता, लिंबं, दिवस असतील तर आंबे. तीन जिने चढून येत, तांब्याभर पाणी पीत आणि गॅलरीकडे पाठ करून बसत.

"या रस्त्यावरून सकाळपासून लोक जातायत. जातात तरी कुठे एवढे?" ते विचारत.

"तुमच्या झाडावरचे पक्षी जातात तिथेच," ती म्हणे.

"पक्षी भोंगा वाजवत नाहीत."

जेवण, थोडी वामकुक्षी, आणि चार वाजता ते उठत. झाडांना पाणी घालायचं असे. ती गॅलरीतून त्यांना कोपऱ्यापर्यंत बघे. पंचा दिसेनासा झाला की आत येई.

हळूहळू माझ्या लक्षात आलं, की बुधवारीच ही घर झाडून पुसून ठेवते. गुरुवारी सकाळी दोनदा गजरा बदलते. शुक्रवारी कुणाशी बोलत नाही. एकदा मी तिला चिडवलं, "काय गं, नवी नवरी झालीस की!" ती हसली नाही. म्हणाली, "तिथे होते तेव्हा माझ्या कानात ही गल्ली वाजायची, विमलम्मा. आता गल्ली समोर वाजते आणि कानात त्यांचा खोकला. माणसाचे कान कुठे ठेवावेत तेच कळत नाही."

"मग त्यांना म्हण ना, इथे येऊन राहा."

"म्हटलं. ते म्हणाले, तू परत ये. मग आम्ही दोघांनी जेवून घेतलं."

एका गुरुवारी ते आले नाहीत. फोन वाजत राहिला, कुणी उचलला नाही. दुपारी ती अंगावरच्या साडीनिशी निघाली. आंब्याच्या आळ्यात पाय घसरून ते पडले होते. शेजारच्या म्हशीवाल्यानं त्यांना उचलून ओसरीवर आणून निजवलं होतं, आणि वीरभद्रम त्याला सांगत होते, "तिला कळवू नकोस. ती येईल आणि मग तिला इथे राहावं लागेल."

मांडीचं हाड मोडलं होतं. शहरातल्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं, दीड-दोन महिने जवळ राहा, पुन्हा पुन्हा दाखवायला आणावं लागेल. म्हणजे तिसरा मजला. लिफ्ट नाही. राजमल्लू, त्याचा मेव्हणा, इस्त्रीवाला मल्लेश आणि यादगिरी असे चौघे जमले. प्लॅस्टिकच्या खुर्चीत वीरभद्रमना बसवून वरात निघाली.

"सार, हलू नका," राजमल्लू ओरडत होता. "माझ्या हातून आजवर पिठाचं पातेलं सांडलं नाही, तुम्हांला सांडलं तर गल्लीत इज्जत जाईल!"

"मला खाली ठेवा, मी सरपटत जातो."

"सरपटत उतरा, सार. चढताना आमचा मान आहे."

जिन्याच्या वळणावर त्या माणसाला हसू आलं. मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

मग ते त्या फ्लॅटमध्ये राहिले. खाट गॅलरीच्या दाराशी लावली होती, वारा तिथेच येई. आता पाठ करून बसायची सोय नव्हती. दिवसभर रस्ता बघावा लागे. आम्हा सगळ्यांना वाटलं, झालं, म्हातारा विरघळला. रिक्षावाल्यांवर ओरडू लागले. शाळेच्या बसला उशीर झाला की मुलांपेक्षा यांनाच काळजी. राजमल्लू वर येऊन त्यांना चटणी चाखायला देई आणि ते म्हणत, "मिरची कच्ची आहे." भ्रमरांबाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तिच्या हाताशी रस्ताही होता आणि खोकलाही. स्वयंपाक करताना ती जुन्या चित्रांतली गाणी गुणगुणायची. माझ्या खिडकीत ऐकू यायची.

पण मग एक दिवस त्यांनी तेलाचा रिकामा डबा मागितला. मल्लेशकडून माती आणवली आणि कोथिंबीर पेरली. गॅलरीत ऊन जेमतेम तासभर येतं. कोंब आले ते उंच, पांढुरके, माना टाकलेले. वीरभद्रम डबा उन्हाबरोबर सरकवत राहायचे, काठीनं ढकलत ढकलत. ऊन कठड्यावरून पलीकडे गेलं की डब्याकडे बघत बसायचे. रस्त्यावर लग्नाची वरात जावो की मारामारी होवो, मान वर होत नसे.

एका दुपारी भ्रमरांबा माझ्याकडे खाली आली. दारातच उभी राहिली.

"ते डब्याकडे बघतात ना, ते बघणं मला ठाऊक आहे," ती म्हणाली.

"कसलं बघणं?"

"मी पायरीवर बसून हायवेकडे असंच बघायचे. मला वाटायचं कुणाला दिसत नाही. विमलम्मा, त्यांना दिसत असेल का गं तेव्हा?"

मी तिला आत ये म्हटलं, पण ती तशीच वळून वर गेली.

काठीनं चालता येऊ लागलं तशी तीच म्हणाली, "चला, तुम्हांला घरी सोडते." पुन्हा खुर्ची, पुन्हा चौघे, या वेळी उतरताना कुणी थट्टा केली नाही. फ्लॅटची किल्ली तिनं माझ्याकडे दिली. "आठवड्यातून एकदा दार उघडत जा. बंद घर कुबट होतं."

ती गेली ती राहिली. उन्हाळा तिथे काढला, पावसाळा काढला. मी गॅलरीचं दार उघडायची तेव्हा राजमल्लू खालून विचारायचा, "अक्का आल्या?" मी हातानं नाही म्हणायची. फोनवर भ्रमरांबा सगळं ठीक आहे म्हणे. आंबे खूप आले म्हणे. मग एकदम विचारी, "आत्ता तो कसला आवाज आला?" "काही नाही गं, टेम्पो मागे घेतायत." "जरा धर ना फोन तिकडे."

दसऱ्याच्या सुमारास एका सकाळी ती दारात उभी. हातात बॅग.

"भांडलीस?" मी विचारलं.

"नाही. बॅग त्यांनीच भरली." ती माझ्या खुर्चीत बसली. "परवा मी भात वाढत होते. ते म्हणाले, भ्रमरा, तू इथे बसतेस, उठतेस, वाढतेस, पण इथे नसतेस. मी म्हटलं, मला जमेल, सवय होती मला. ते म्हणाले, तेच तर. मला तेव्हा दिसत होतं आणि मी बघायचो नाही. आता बघितल्यावर पुन्हा न बघितल्यासारखं कसं करू?" तिनं डोळे पुसले. "मी म्हटलं, मग तुम्ही चला. तर म्हणाले, मी तुझ्या गॅलरीत कोथिंबिरीसारखा होतो. उंच होतो नुसता."

तेव्हापासून ती इथे आहे आणि ते तिथे. नातेवाईक नावं ठेवतात. तिची भावजय तोंडावर म्हणाली, "या वयात काडीमोड घेतलात की काय?" भ्रमरांबानं तिला जेवायला वाढलं आणि दुसऱ्यांदा आमटी विचारली नाही.

तीन जिने आता त्यांना चढवत नाहीत, आणि तिचे गुडघेही लांबच्या बसला कुरकुरतात. म्हणून गुरुवारी दोघं उप्पलला भेटतात. तिथे बसस्टँडजवळ एक इडली-डोशाचं टिफिन हॉटेल आहे. तिला इकडून जेवढी बस, साधारण तेवढीच त्यांना तिकडून.

मागच्या महिन्यात मला उप्पलला काम होतं, म्हणून मी तिच्याबरोबर गेले. ते आधीच येऊन कोपऱ्यातल्या टेबलावर बसले होते. नवा शर्ट, दाढी केलेली. तिला पाहून अर्धवट उठले, काठी पडली, ती उचलायला दोघं एकदम वाकली. मी दुसऱ्या टेबलावर जाऊन बसले. त्यांनी एक पेसरट्टू, म्हणजे मुगाचा डोसा, मागवला आणि मधोमध मोडून दोघांनी खाल्ला. ती यादगिरीच्या मुलीच्या लग्नाचं सांगत होती, ते शेजाऱ्याच्या म्हशीला झालेल्या रेडकाचं सांगत होते. बोलणं संपलं तरी उठत नव्हते. हॉटेलवाला पोऱ्याला म्हणाला, "त्या टेबलाला बिल लवकर देऊ नकोस."

मग तिघं स्टँडवर आलो. आमची बस आली.

"चल," मी म्हटलं.

"गर्दी आहे," भ्रमरांबा म्हणाली. बस अर्धी रिकामी होती.

पलीकडे घटकेसरची बस लागली. वीरभद्रमनी तिच्याकडे पाहिलं आणि ते चपलेचा अंगठा नीट करायला वाकले. ती बसही निघून गेली. दोघं स्टँडच्या बाकावर बसून राहिली, मध्ये पिशवी ठेवून, समोर बघत.

मी माझ्या कामाला निघाले. वळून पाहिलं तेव्हा आमची आणखी एक बस स्टँडात शिरत होती, आणि दोघांपैकी कुणीच उठलेलं नव्हतं.